मंजूर झालं म्हणून सगळं कर्ज उचलू नका

तुमचं पत्र मन लावून वाचलं. एकच ट्रक, तोही स्वतः चालवता. मंदीमुळे फेऱ्या ४० टक्क्यांनी घटल्या आहेत. ट्रकच्या कर्जाची दोन वर्षं बाकी आहेत आणि डिझेल-कार्डाची महागडी उधारी अंगावर आहे. अशात सरकारी मदतकर्ज मंजूर झालंय: व्याज ६ टक्के, पहिलं वर्ष हप्ता नाही, पुढे तीन वर्षांत फेड. त्यातून उधारी मिटवायची आणि ‘भाव पडलेत तोवर’ दुसरा ट्रक घ्यायचा, असा तुमचा विचार आहे. माझं उत्तर: कर्ज घ्या, पण निम्म्याच्या थोडं वर. दुसरा ट्रक आत्ता नको.

तुमचेच आकडे मांडतो. चांगल्या महिन्याची कमाई १०० धरू. डिझेल, टोल, टायर आणि दुरुस्ती मिळून ५५ जातात. हप्ता, विमा, परवाने यांत २२. घरी २३ येतात, आणि कितीही काटकसर केली तरी घराला १७ लागतातच, असं तुम्ही लिहिलंय. आज कमाई ६० वर आली, फिरण्याचा खर्चही ३३ झाला. उरले २७. त्यातले २२ ठरलेल्या खर्चात गेले की घरी ५ राहतात, म्हणजे महिन्याला १२ ची तूट. आठ महिने असेच गेले तर ९६. उधारीचे ६० मिळवले की १५६ होतात. तुम्हाला मंजूर झालेत ३००.

आता परतफेड बघा. १६० उचलले तर वर्षभराचं व्याज धरून सुमारे १७० होतील आणि पुढची तीन वर्षं महिन्याला साधारण ५ चा हप्ता बसेल. काम पूर्ववत झालं तर २३ मधून ५ वजा जाऊन १८ राहतात. घर कसंबसं चालेल, आणि वर्षभराने ट्रकचा हप्ता संपला की श्वास घेता येईल. पूर्ण ३०० उचलले तर हप्ता १० च्या आसपास जातो आणि घरी १३ राहतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी तूट आहेच.

‘बँकेने एवढे मंजूर केलेत, म्हणजे झेपत असणार,’ असं तुम्ही लिहिलंय. तसं नसतं. मदतकर्जाची रक्कम सरकारी सूत्राने ठरते. अमेरिकेत कोरोनाकाळात एकट्याने धंदा करणाऱ्यांना पगार-संरक्षण कर्ज आधी निव्वळ नफ्यावर मिळत होतं. ट्रकवाल्यांचा नफा घसारा आणि खर्च वजा जाता कागदावर अगदी थोडा दिसतो, त्यामुळे अनेकांच्या हाती फारसं लागेना. मार्च २०२१ मध्ये एकूण उत्पन्न धरायची मुभा मिळाली आणि त्याच माणसाला, त्याच ट्रकवर, जास्त रक्कम मिळू लागली. फेडण्याची ताकद मात्र तेवढीच होती.

बिनहप्त्याच्या वर्षाबद्दल बँकेला स्पष्ट विचारा: या काळात व्याज दरमहा भरायचं की मुद्दलात चढणार? भारतात २०२० च्या आपत्कालीन पतहमी योजनेत मुद्दलाला एक वर्ष सूट होती, व्याज मात्र भरावं लागत होतं. अमेरिकेतल्या आपत्ती कर्जाला ३.७५ टक्के व्याज आणि ३० वर्षांची मुदत होती, आणि हप्त्यांची सवलत पुढे ३० महिन्यांपर्यंत वाढवली गेली. पण व्याज चढत होतं. २०२० च्या मध्याला कर्ज घेतलेल्यांचे हप्ते २०२२ च्या शेवटी सुरू झाले, आणि तोवर तिथले मालवाहतुकीचे खुले दर, म्हणजे करार नसताना त्या त्या फेरीपुरतं ठरणारं भाडं, घसरले होते. सवलत संपायची तारीख बाजाराला विचारून येत नाही, म्हणूनच माझा हात आखडता आहे.

दुसऱ्या ट्रकचा मोह मला समजतो. इतकी वर्षं एकट्याने गाडी ओढल्यावर तो होणारच. पण ट्रक स्वस्त झालेत ते माल नाही म्हणून. त्याला ड्रायव्हर लागेल, विमा लागेल, आणि भाड्याचे पैसे हाती यायला महिना-दोन महिने लागतात, डिझेल मात्र आज भरावं लागतं. शिवाय अशी कर्जं बहुधा खेळत्या भांडवलासाठी असतात. ट्रक घेणं राहू द्या, जुनी उधारी फेडायलाही परवानगी आहे का, हे करारात बघा. नसेल तर १०० च्या आसपासच उचला.

तारणाचं कलमही वाचा. वर सांगितलेल्या अमेरिकी आपत्ती कर्जात २५,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की धंद्याच्या मालमत्तेवर बोजा चढत असे. तुमची मालमत्ता म्हणजे हा एकच ट्रक.

पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि दरमहा तुटीएवढेच काढा. प्रत्येक फेरीचा हिशेब रिकामं परत येणं धरून लिहा. फेऱ्या कमी असणं एक वेळ सोसता येतं, कर्ज त्यासाठीच आहे. पण परतीच्या रिकाम्या किलोमीटरसकट डिझेल-टोल-टायरही भाड्यातून सुटत नसतील, तर ती फेरी नाकारा. सलग दोन महिने बहुतेक फेऱ्या अशाच निघाल्या, तर खात्यातली उरलेली रक्कम कर्जात परत भरा आणि मला पुन्हा लिहा. मग ट्रक विकून काही काळ दुसऱ्याच्या गाडीवर पगारी काम करण्याचा हिशेब आपण मांडू. ट्रकचे भाव आणखी पडण्याआधी विकला तर त्याचं कर्ज फिटून चार पैसे उरतील का, हे ठरवायला तुमचं बाकी मुद्दल आणि ट्रकची आजची किंमत, दोन्ही आकडे आत्ताच काढून ठेवा.