पहिल्या सत्रात एवढंच सांभाळा

अभिनंदन! प्रथम वर्ष बीएचा राज्यशास्त्राचा वर्ग शिकवायला मिळालाय, म्हणजे मजा आहे.

हजेरी घेताना आडनावावर रेंगाळू नका. 'मूळचे कुठले?' हा प्रश्न पुष्कळांना जात विचारल्यासारखाच ऐकू येतो. आणि आरक्षण शिकवताना एखाद्या मुलाकडे वळून 'तू सांग तुझा अनुभव' असं तर म्हणूच नका. मी पहिल्या वर्षी हेच केलं. तो मुलगा महिनाभर मागच्या बाकावर गप्प. नवीन मास्तरांची ही नेहमीची चूक.

त्याऐवजी संविधानाच्या मजकुरापासून सुरुवात करा. फळ्यावर कलम १५(४) लिहा, म्हणजे मागास वर्गांसाठी विशेष तरतूद करायची मुभा सरकारला देणारं कलम. चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासमधले कॉलेजातले जातवार राखीव प्रवेश रद्द ठरवले, त्या निकालानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते का आणावं लागलं, हे सांगा. मतं नंतर, तीही आधी वहीत लिहून. नाहीतर तेच चार जण बोलतात.

आणखी दोन गोष्टी:
- 'सार्वभौमत्व', म्हणजे राज्याची सर्वोच्च सत्ता, हा शब्द मुलांच्या डोक्यावरून जातो. सत्तेच्या विषयात ओळखीच्या ग्रामपंचायतीतून शिरा, महाराष्ट्रात तिथे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, कुणाची तरी आई किंवा काकू सदस्य निघतेच.
- अहिराणी, वऱ्हाडी बोलीत दिलेलं उत्तर तसंच स्वीकारा. भाषा दुरुस्त करत बसलात की हात वर येणं थांबतं.

न्यायाचा सिद्धांत मांडणारा रॉल्स वगैरे तत्त्वज्ञ मंडळी पुढच्या वर्षी.