थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर फेरतपासणीची तारीख पुढे ढकलली तर चालेल का?

गोळी सुरू होऊन महिना झाला, आता बरे वाटते, मग सहा आठवड्यांनंतरची फेरतपासणी पुढे ढकलली तर काय बिघडेल, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही, गेली नऊ वर्षे हीच गोळी घेणारी रुग्ण आहे. मात्र तारखेचा घोळ मी दोन्ही बाजूंनी घालून पाहिला आहे.

पहिल्या वेळी मी घाई केली. डॉक्टरांनी कागदावर ‘सहा आठवड्यांनी टीएसएच’ असे स्पष्ट लिहिले होते (टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉइड कमी पडले की ते रक्तात वाढते), पण तेव्हाची वेळ शिल्लक नव्हती म्हणून स्वागतकक्षातून तीन आठवड्यांनंतरची मिळाली आणि लवकर गेलेले बरेच, असे समजून मी ती घेतली. टीएसएच अजून वाढलेलेच होते. त्या दिवशी आमचे नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदली डॉक्टरांनी गोळी केव्हा सुरू झाली हे विचारले नाही, मीही सांगितले नाही, आणि डोस वाढला. पुढे महिनाभरात छातीत धडधड, हाताला कंप आणि रात्रभर टक्क जाग, असे सुरू झाले. नेहमीच्या डॉक्टरांनी दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या आणि चूक कुठे झाली ते दाखवले. लेव्होथायरॉक्सिनचे, म्हणजे या गोळीतल्या औषधाचे, शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येत असल्याने ते त्याच्याही मागून सावकाश खाली येते. तिसऱ्या आठवड्यातला आकडा पाहून डोस ठरवणे म्हणजे अर्धवट शिजलेल्या भाताची चव घेऊन मीठ वाढवणे.

दुसऱ्या वेळी उशीर केला. डोस जुळल्यावर सहा महिन्यांनी बोलावले होते, मी चौदा महिन्यांनी गेले, कारण अर्थातच ‘बरे वाटत होते’. मधल्या काळात कॅल्शियमची गोळी सुरू झाली होती आणि ती मी सकाळीच घेत होते. कॅल्शियम आणि लोह आतड्यात या औषधाला धरून ठेवतात, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर लागते, हे मला तेव्हा कळले. टीएसएच पुन्हा वाढून 11 वर गेले होते आणि थकव्याचे खापर मी वयावर फोडून मोकळी झाले होते.

आठ-दहा दिवस मागेपुढे झाल्याने सहसा काही बिघडत नाही. फोन करून विचारावे, एवढेच. मात्र दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर तारखेची वाट न पाहता लगेच कळवावे, कारण गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो. छातीत दुखणे किंवा जोराची धडधड यांसाठीही तारखेपर्यंत थांबू नये.

वेळच मिळत नसेल, तर रक्त देण्याची आणि डॉक्टरांना भेटण्याची तारीख वेगवेगळी धरता येते का, हे विचारून पाहावे. मी आता रक्त ठरलेल्या आठवड्यातच, सकाळची गोळी घेण्याआधी देते, आणि भेट चार दिवसांनी ठेवते, म्हणजे अहवाल हातात असतो. अहवालाच्या कोपऱ्यात गोळी सुरू केल्याची किंवा डोस बदलल्याची तारीख पेनाने लिहून नेते. समोर बदली डॉक्टर असले तरी आता अडत नाही.