फ्लेम एंजल कोरल खाईल का?

प्रश्न: माझा 300 लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलवाला) आहे, वर्ष झालंय, झोअँथिड (बटणासारखे मऊ कोरल) आणि दोन-तीन एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कठीण सांगाड्याचे) कोरल मस्त फुललेत. फ्लेम एंजल मासा घ्यायचाय पण तो कोरल खाईल म्हणून सगळे घाबरवतात. काय करू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: घाबरवतायत ते उगीच नाही. फ्लेम काय, कोरल ब्युटी काय, या बुटक्या एंजलची खात्री कोणीच देऊ शकत नाही, एकाच जातीतला एक मासा वर्षानुवर्षं कोरलकडे बघत नाही आणि दुसरा आल्या आठवड्यात एलपीएसचं मांस टोचायला लागतो. क्लॅम (जिवंत शिंपला) असेल तर मी घेऊच नका म्हणेन. तुमचा टँक मात्र योग्य आहे, कारण हा मासा दिवसभर खडकावरचं शेवाळ खुडत फिरतो आणि वर्षभराच्या खडकावर ते मिळतं, नवीन टँकमध्ये बिचारा उपाशी राहतो. तरी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि स्पिरुलिनावालं खाणं द्याच, थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा.

दुकानात तो खाताना बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मग महिनाभर क्वारंटाइन, म्हणजे वेगळ्या टँकमध्ये, औषध लागलं तर तिथेच, कारण तांब्याचं औषध रीफमध्ये गेलं की कोरल मरतात, आणि हे मासेसुद्धा तांब्याला नाजूकच असतात त्यामुळे डोस टेस्ट किटने मोजूनच. टँकमध्ये सगळ्यात शेवटी सोडा, आधी सोडला तर नंतर येणाऱ्यांना छळतो. आणि एकच घ्या. झोअँथिड दिवसभर मिटून राहायला लागले तर समजा टोचतोय, तेव्हा वाट बघत बसू नका, मासा काढा.