घरी केलेली बिअर बाटलीत भरून दहा दिवस झाले, फेसच नाही. वरून साखर घालू का?

नको! न्यू जर्सीत, जानेवारीत, बाटल्या गॅरेजमध्ये ठेवल्यात म्हणता. मग साखर खाऊन गॅस तयार करणारं यीस्ट गारठून झोपलंय, बाकी काही नाही. बाटल्या घरात आणा, २० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा, एकदा हलकेच उलट्या करून तळाचा गाळ ढवळू द्या आणि अजून दोन आठवडे त्यांच्याकडे बघूच नका.

बाटल्या भरताना फेसासाठी घातलेली १९ लिटरला १२० ग्रॅम साखर, हे तुमचं प्रमाण ठीकच आहे. लिटरमागे ४ ग्रॅम साखरेतून साधारण बिअरच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि आंबतानाचा थोडा आधीच विरघळलेला असतो. वर आणखी साखर पडली की काच फुटते. मी एकदा आंबणं पुरतं थांबायच्या आधीच घाईने बाटल्या भरल्या होत्या. रात्री कपाटात दिवाळी झाली.

पुढच्या खेपेला थोडी बिअर सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरा. ती दाबून दगडासारखी टणक लागली की बाकीच्याही तयार. उघडण्याआधी दोन दिवस फ्रीजमध्ये मात्र ठेवा, नाहीतर गॅस बिअरमध्ये मुरण्याऐवजी ओट्यावर उतू जाईल.