पंप सुरू झाला की लेव्हल का नाचते?

प्रश्न : आमच्या 5 मीटर उंचीच्या टाकीवर 4-20 मिलिअँपिअरचा दोन तारांचा लेव्हल ट्रान्समीटर (पाण्याची पातळी करंटच्या रूपात पाठवणारे यंत्र) आहे. पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुरू झाला की पीएलसीवरचे (पंप चालवणाऱ्या नियंत्रक संगणकावरचे) रीडिंग अर्धा मीटर उड्या मारते आणि पंप ट्रिप होतो. ट्रान्समीटर बदलला, तरी तेच. काय तपासावे?

उत्तर : ट्रान्समीटरवर आणखी पैसे घालू नका. 4 मिलिअँपिअर म्हणजे रिकामी टाकी आणि 20 म्हणजे 5 मीटर, तेव्हा अर्धा मीटर म्हणजे 1.6 मिलिअँपिअर. व्हीएफडी चालू असतानाच एवढा फरक पडत असेल, तर पहिला संशय केबलवर घ्यावा.

तपासणीच्या वेळी टाकीपाशी माणूस उभा करा आणि पंप मॅन्युअलवर चालवा. ट्रान्समीटरच्या तारा सोडवून त्या जागी लूप कॅलिब्रेटर (हवा तेवढा करंट देणारे तपासणी यंत्र) लावा आणि 12 मिलिअँपिअर द्या. पीएलसीवर 2.5 मीटर दिसले पाहिजेत. आता व्हीएफडी सुरू करा. आकडा नाचला तर दोष केबलमध्ये किंवा पॅनलमध्ये. स्थिर राहिला तर ट्रान्समीटरचे अर्थिंग बघा, आणि पाणी खरोखरच खळबळते आहे का, तेही बघा.

बहुतेक ठिकाणी मोटरची आणि सिग्नलची केबल एकाच ट्रेमधून गेलेली असते. दोन्हींत किमान 300 मिमी अंतर ठेवा. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडा. सिग्नलसाठी पीळ दिलेली शील्डेड (धातूचे आवरण असलेली) जोडीच हवी. तिचे शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ करा, टाकीकडचे टोक कापून टेप लावून बंद करा. दोन्ही टोके अर्थ केली तर दोन जागांच्या अर्थमधील व्होल्टेजच्या फरकामुळे शील्डमधूनच करंट वाहतो. मोटर केबलचे मात्र उलट आहे : तिचे शील्ड ड्राइव्ह आणि मोटर, दोन्हीकडे पूर्ण गोल क्लँपने अर्थ करायचे. या दोन नियमांची अदलाबदल सर्रास होते.

एवढे करूनही सिग्नलमध्ये उरलेला विद्युत गोंगाट (नॉइज) सिग्नल आयसोलेटरने, म्हणजे दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणाऱ्या उपकरणाने, काढा. पीएलसीतला फिल्टर (रीडिंगमधले चढउतार गुळगुळीत करणारी सोय) सगळ्यात शेवटी, तोही एक-दोन सेकंदांचाच. वीस सेकंदांचा फिल्टर लावला की पडद्यावरची रेघ छान सरळ दिसते, पण टाकी भरून वाहू लागली तरी पीएलसीला उशिरा कळते. ही पळवाट आम्हाला अजिबात मान्य नाही.

प्रोग्राममध्ये एक गोष्ट अवश्य घाला : 3.6 मिलिअँपिअरखालचे रीडिंग ‘टाकी रिकामी’ न धरता ‘तार तुटली’ असे धरावे. नाहीतर तार तुटताच भरणारा पंप सुरू होईल.

प्रश्न : पीएलसीची चावी कायम ‘प्रोग्राम’वर (प्रोग्राम बदलू देणाऱ्या स्थितीत) ठेवली तर चालेल का? दर वेळी पॅनल उघडायचा त्रास वाचतो.

उत्तर : नाही. 2017 साली सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पाच्या सुरक्षा नियंत्रकात (धोका दिसताच प्रकल्प बंद करणाऱ्या यंत्रणेत) ट्रायटन नावाचे मालवेअर शिरले, ते चावी ‘प्रोग्राम’वर राहिली होती म्हणून. प्रोग्रामचे लोडिंग संपताच चावी ‘रन’वर फिरवा आणि काढून शिफ्ट इंचार्जकडे द्या.