पावसाळ्यात रेझिनची पेंडंट दुधाळ का होतात?

प्रश्न : मी घरी इपॉक्सी रेझिनमध्ये (घट्ट होऊन काचेसारखा दिसणारा द्रव) बकुळीची फुले घालून पेंडंट करते. उन्हाळ्यातली छान झाली. जुलैपासून मात्र प्रत्येक पेंडंट दुधाळ दिसते, हाताला चिकट लागते आणि फुलाभोवती बुडबुडे अडकतात. रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात मिसळायचे हार्डनर वाढवूनही फरक पडला नाही. कडाही खरखरीत राहतात. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हार्डनर वाढवणे सर्वांत आधी थांबवावे. रेझिन आणि हार्डनर ठरावीक प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात; जास्तीचे हार्डनर तसेच मागे राहते आणि पेंडंट मऊ, चिकट होते. प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे बाटलीवर नीट पाहावे, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते. पाच-दहा ग्रॅमच्या घाण्यात अर्ध्या ग्रॅमची चूकही महागात पडते, म्हणून सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घ्यावाच.

तुमचा खरा शत्रू दमट हवा आहे. हार्डनरमधील अमाइन ही रसायने हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावली की पृष्ठभागावर मेणचट, पांढुरका थर येतो. पेंडंट घट्ट झालेले असेल, तर तो थर कोमट साबणपाण्याने निघतो. आतला दुधाळपणा मात्र जात नाही. म्हणून बंद खोलीत न ओतता, कोरड्या दिवशी हवा खेळती ठेवून आणि नायट्राइलचे हातमोजे घालून काम करावे. ओतल्यावर साचा झाकणाच्या डब्यात ठेवावा.

बकूळ सुकूनही सुवास देते, त्यामुळे ती सुकली आहे असे वाटते, पण पाकळ्यांच्या मुळाशी ओल राहते. सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) आठवडाभर पुरून ठेवलेले फूल बोटांत धरल्यावर कुरकुरले पाहिजे. मग त्यावर रेझिनचा पातळ हात फिरवून, तो घट्ट झाल्यावरच साच्यात ठेवावे; पाकळ्यांतील हवा तेव्हाच निघून जाते. (सुवास आत कोंडला जातो, याचे मलाही वाईट वाटते.) मिश्रण काठ-तळ खरवडत तीन मिनिटे सावकाश ढवळावे.

कडांसाठी पेंडंट पूर्ण घट्ट होऊ द्यावे, साधारण तीन दिवस. नंतर पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, १०००, २००० अशा क्रमाने घासावे आणि शेवटी पॉलिश लावावे. कोरडे घासू नये, ती धूळ फुप्फुसांत जाते.