वाचकांचे प्रश्न : नाताळच्या झाडाची घरगुती सजावट

प्रश्न : गेल्या नाताळात आमच्या मुलांनी वर्तमानपत्राचे गोळे आणि जुन्या लग्नपत्रिकांचे तारे कणकेच्या खळीने चिकटवून झाड सजवले होते. परवा पेटी उघडली, तेव्हा तारे झुरळांनी कुरतडलेले आणि गोळे आतून बुरशीने काळे पडलेले निघाले. टाकाऊ वस्तूंपासूनच, पण पुढच्या वर्षीही वापरता येईल अशी सजावट करता येईल का? मुलांना मात्र बाजारातल्यासारखे चमकणारे गोळे हवे आहेत.
– एक वाचक भगिनी, तालुका अचलपूर

उत्तर : दोष कागदाचा नसून खळीचा आणि ओलाव्याचा आहे. कणीक हे झुरळांचे अन्नच असल्यामुळे ताऱ्यांना खळ न लावता सुईदोऱ्याने चार टाके घालावेत. पुस्तकबांधणी करणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ते नको.

गोळ्यांसाठी आपल्या आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या ज्या रीतीने करत, तीच रीत उत्तम. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजू द्यावेत, पाणी रोज बदलावे, मग ते पिळून पाट्यावर वाटावेत आणि त्यात रात्रभर भिजवून वाटलेली मूठभर मेथी मिसळावी. मेथीच्या चिकटपणामुळे लगदा धरून राहतो आणि तिचा कडूपणा किडीला नकोसा असतो. भरीव गोळा मात्र करू नये, कारण तो वरून खडखडीत वाळला तरी आतून ओलाच राहतो, आणि आपल्या गोळ्यांची बुरशी बहुधा तिथूनच आली असावी. लहान वाटी पालथी घालून, तिला तेलाचा हात लावून, त्यावर लगद्याचा पातळ थर द्यावा; दोन अर्धगोल वाळले की लगद्यानेच सांधावेत आणि सांधतानाच तारेचा आकडा आत बसवावा. डिसेंबरातले आपल्याकडचे कोरडे ऊन या कामाला फार सोयीचे आहे. तरी पहिला दिवस सावलीत वाळवावे, म्हणजे तडे जाणार नाहीत. वर भिंतीला लावून उरलेला रंग चालेल.

चमकेबाबत मुलांना एक गोष्ट सांगावी. काचेचे गोळे जर्मनीतील थुरिंगियामधल्या लाउशा या काचकाम करणाऱ्या गावातून एकोणिसाव्या शतकात सर्वत्र गेले. त्याआधी तिकडे झाडाला सफरचंदे आणि अक्रोडच टांगत असत. तरीही चमक हवीच असेल, तर चिवड्याच्या किंवा वेफर्सच्या पाकिटांची आतली चंदेरी बाजू कापून घ्यावी, आणि जोडी फुटून एकट्या उरलेल्या काचेच्या बांगड्या जुन्या साडीच्या जरीकाठात गुंडाळून टांगाव्यात. मला स्वतःला गोळ्यांपेक्षा या बांगड्याच अधिक आवडतात.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले सजावटीसाठी कपाशीच्या बियाण्याची रंगीत पाकिटे आणि फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणतात. झाड पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडाचे, करून त्यावर बर्फ म्हणून कापूस पसरण्याचा विचार आहे. हे योग्य होईल का?
– एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : बाटल्या मुळीच नकोत, कितीही धुतल्या तरी नकोत. त्या तीन वेळा खंगाळून, भोके पाडून नष्ट करायच्या असतात. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात किती शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपल्याला सांगायला नको. बियाण्यालाही कीटकनाशकाचा लेप असतो, म्हणून त्याची पाकिटेसुद्धा मुलांच्या हाती देऊ नयेत.

पऱ्हाटी चांगली, परंतु सरपणातल्या जुन्या पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत असू शकते. तेव्हा बोंडे शेतातून आणण्यापूर्वीच तोडून जाळावीत. कापूस जरूर पसरावा. मात्र तो ठिणगीनेही पेट घेत असल्याने त्या झाडाजवळ मेणबत्ती लावू नये, आणि दिव्यांची माळ लावायचीच असेल तर न तापणारी एलईडीची घ्यावी.